सलग चालावे की आलटून-पालटून?
बैठ्या सभासदांसाठी व्यायामाचा एक पाठ



बेणे, खत आणि पाणी यांविषयी आपल्या पत्रिकेत नेहमी येते. या वेळी आम्ही ऊस पिकवणाऱ्याच्या शरीराविषयी लिहीत आहोत. निमित्त असे की, सेनगाव गटातील काही सभासदांनी आम्हाला एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला. "डॉक्टर म्हणतात, रोज पाऊण तास चाला. पोरगा म्हणतो, दहा मिनिटं जोर लावला की तेवढंच काम होतं. आता यात खरं कोणाचं?"

उत्तर आधीच सांगून टाकतो. दोघांचेही खरे आहे. पण पोराची रीत डॉक्टरांच्या रीतीच्या आधी करायची नसते. असे का, ते या पाठात क्रमाने पाहू.

आधी स्वतःकडे पाहू

"आम्ही कास्तकार माणसं, आम्हाला व्यायाम कशाला?" हे वाक्य आपण सगळेच बोलतो. आपल्या वडिलांच्या तोंडी ते शोभत होते. औतामागे दिवसभर चालणारा, मोट हाकणारा, डोक्यावर ओझे वाहणारा तो माणूस होता. आज नांगरट ट्रॅक्टरने होते, मोटार बटणावर चालू होते, ऊस तोडायला टोळी येते. आपण फटफटीवर शेतात जातो, धुऱ्यावर उभे राहून मुकादमाशी बोलतो आणि चहाच्या टपरीवर येऊन बसतो. शेत आपले आणि घाम दुसऱ्याचा, अशी गत आहे. जे सभासद आजही स्वतः राबतात त्यांना हा पाठ लागू नाही. त्यांनी तो शेजाऱ्याला वाचून दाखवावा.

आम्हीही यातून सुटलेलो नाही. एका हंगामात गव्हाणीवरचा लोखंडी जिना चढून गेलो आणि वर पोहोचल्यावर दोन मिनिटे कठड्याला धरून उभे राहावे लागले. छातीचा भाता झाला होता. मागून आलेला कामगार तोच जिना दिवसातून वीस वेळा चढत होता आणि आमच्याशी बोलत बोलत चढत होता. त्या दिवशी आम्हाला कळले की आपली गाळप क्षमता पार खाली आली आहे.

बसून राहण्याने काय होते याचा एक जुना दाखला आहे. डॉ. जेरेमी मॉरिस यांनी १९५३ साली लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील नोकरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिना वर-खाली करणारा. गाडी तीच, शहर तेच. पण कंडक्टर लोकांत हृदयविकाराचे प्रमाण ड्रायव्हरांपेक्षा कमी निघाले. आता आपण ड्रायव्हरच्या जागी बसलो आहोत की कंडक्टरच्या, हे ज्याचे त्याने ठरवावे.

"पण आमचं पोट कुठं सुटलंय?" असे कोणी म्हणेल. त्यांच्यासाठी पुण्याचा दाखला. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, निर्देशांक २२.३. पण चरबी मोजली तर इंग्रज डॉक्टरांच्या अंगात ९.१ टक्के आणि आपल्या पुणेकर डॉक्टरांच्या अंगात २१.२ टक्के! आपल्याकडचा माणूस बाहेरून बारीक दिसतो, पण चरबी आत दडलेली असते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. आपण साखर पिकवणारे लोक. रक्तातल्या साखरेची गोष्ट काढायला आपण तरी लाजू नये.

दोन रीती कोणत्या?

पहिली रीत सलग मध्यम व्यायामाची. एका चालीने अर्धा-पाऊण तास भरभर चालायचे किंवा सायकल मारायची. मध्यम म्हणजे किती? सोपी कसोटी अशी, की बोलता आले पाहिजे, पण गाता येऊ नये. अभंग सहज म्हणता येत असेल तर चाल कमी पडते आहे.

दुसरी रीत आलटून-पालटून जोराच्या व्यायामाची. हिलाच इंटरव्हल ट्रेनिंग म्हणतात. थोडा वेळ जोर लावायचा, मग थोडा वेळ हळू, पुन्हा जोर, पुन्हा हळू. जोराच्या वेळी चार-दोन शब्दांपलीकडे बोलता येऊ नये. मधला हळू भाग म्हणजे आळस नव्हे, तो व्यायामाचाच भाग आहे. औत हाकणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. तास संपला की धुऱ्याशी बैलाला क्षणभर श्वास घेऊ द्यावा लागतो, तेव्हाच पुढचा तास नीट निघतो.

नाडीवरूनही अंदाज घेता येतो. २२० मधून वय वजा केले की नाडीची अंदाजे कमाल मर्यादा येते. पन्नाशीच्या माणसाची ती १७० होते. सलग मध्यम व्यायामात त्याची नाडी साधारण ११० ते १३० असावी. जोराच्या टप्प्यात ती १३० च्या वर जाते. पंधरा सेकंद ठोके मोजून चारने गुणावे. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी नाडीच संथ राहते. त्या घेणाऱ्यांनी नाडीचा हिशेब सोडून बोलण्याची कसोटी धरावी.

या दोन्ही रीती आपल्याला परक्या नाहीत. शेगावहून पंढरपूरला निघालेली गजानन महाराजांची पालखी रिसोड, पानकनेरगाव करत दरवर्षी सेनगावात येते आणि पुढे नर्सी नामदेव, औंढा नागनाथकडे जाते. महिनाभर रोज एका लयीत चालणारे ते वारकरी म्हणजे सलग व्यायामाचा चालता-बोलता नमुना. त्यांत साठी-सत्तरीची माणसे असतात. आणि दुसऱ्या रीतीचा नमुना म्हणजे कबड्डी. चढाई तीस सेकंदांची. तेवढ्यात सारा जोर लावायचा, परत आले की दम घ्यायचा, पुन्हा चढाई. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी हा खेळ तिकडच्या लोकांना करून दाखवला होता. झेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक हा धावपटू सरावात चारशे मीटरच्या फेऱ्या जोरात मारायचा आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये हळू पळायचा. १९५२ साली हेलसिंकीत त्याने पाच हजार मीटर, दहा हजार मीटर आणि मॅरेथॉन अशी तीनही सुवर्णपदके घेतली. त्याच ऑलिम्पिकमध्ये कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले, हे आपल्या लक्षात असेलच.

पण झाटोपेक काही धुऱ्यावर उभा राहणारा माणूस नव्हता. आपल्यासारख्या बैठ्या माणसाला या रीतीचा काय उपयोग, हा खरा प्रश्न आहे.

तुलना: कोणती रीत कशात सरस?

*दमसास.* शरीर एका मिनिटाला जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते, ही माणसाची गाळप क्षमता. हृदय हा पंप, रक्तवाहिन्या हे पाईप आणि स्नायूंच्या पेशींतील मायटोकॉन्ड्रिया नावाचे सूक्ष्म भाग म्हणजे बॉयलरची भट्टी. दोन्ही रीतींनी हा सगळा कारखाना सुधारतो. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात बैठ्या पुरुषांचे दोन गट केले. एक गट आठवड्यातून तीनदा ४५ मिनिटे मध्यम सायकल मारायचा. दुसरा गट तीनदाच, पण फक्त १० मिनिटे, आणि त्यात जीव तोडून मारायची ती २० सेकंदांची तीन आवर्तने. बारा आठवड्यांनी दोन्ही गटांचा दमसास सारखाच, सुमारे १९ टक्के वाढला. हा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. माणसे थोडी होती, पण इतर अनेक अभ्यासांचा सूरही असाच आहे, की जोराच्या रीतीने दमसास सलग रीतीइतका किंवा थोडा अधिकच वाढतो.

*वेळ.* यात आलटून-पालटूनची रीत उघड सरस आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोराचा व्यायाम सांगितला. म्हणजे जोराचे एक मिनिट मध्यमच्या दोन मिनिटांबरोबर धरले आहे.

*रक्तातील साखर.* डेन्मार्कमध्ये मधुमेही माणसांचा एक लहान अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. चार महिने, आठवड्यातून पाच दिवस, रोज एक तास चाल. एका गटाने सलग चालायचे, दुसऱ्याने तीन मिनिटे जोरात आणि तीन मिनिटे हळू. दोघांची शक्ती सारखीच खर्च होईल अशी योजना होती. आलटून-पालटून चालणाऱ्यांचा दमसास सुमारे १६ टक्के वाढला आणि साखर सुधारली. सलग चालणाऱ्यांच्या बाबतीत तसा फरक दिसला नाही. मात्र यावरून सलग चाल फुकट गेली असे समजू नये. साखर आणखी बिघडू न देणे हीसुद्धा मिळकतच आहे.

*वजन.* येथे दोघेही बरोबरीत आहेत. चरबी दोन्ही रीतींनी थोडीच उतरते आणि जवळपास सारखीच उतरते. चालून आल्यावर भजीची ताट समोर घेतली तर दोन्ही रीती हरतात.

*आयुष्य.* नॉर्वेतील ट्रॉनहाइम शहरात सत्तरी ओलांडलेल्या १,५६७ माणसांना पाच वर्षे पाहिले गेले. पाच वर्षांत मृत्यूचे प्रमाण जोराच्या गटात ३ टक्के, सलग मध्यम गटात ५.९ टक्के आणि नेहमीचा सरकारी सल्ला पाळणाऱ्यांत ४.७ टक्के असे निघाले. आकडे जोराच्या बाजूने झुकतात, पण कौल पक्का म्हणावा इतका फरक नाही, असे संशोधकांनीच २०२० साली लिहिले. आम्हीही त्यापेक्षा जास्त दावा करणार नाही.

*धोका.* हृदयविकार झालेल्या ४,८४६ रुग्णांची नोंद नॉर्वेतच ठेवली गेली. देखरेखीखाली केलेल्या व्यायामाच्या सुमारे १ लाख ७५ हजार तासांत हृदय बंद पडण्याचे तीन प्रसंग आले. त्यांपैकी एक, जो प्राणघातक ठरला, तो मध्यम व्यायामात. दोन जोराच्या व्यायामात, आणि ते दोघे वाचले. जोराच्या व्यायामाचे तास बरेच कमी होते, म्हणून त्या बाजूला धोका किंचित जास्त दिसतो. पण दोन्हीकडे तो थोडाच आहे. मात्र "देखरेखीखाली" हा शब्द विसरू नका. पाच वर्षे हललाच नाही असा माणूस एके दिवशी उठून पोराबरोबर शर्यत लावतो, त्याला हे आकडे लागू नाहीत.

आपल्या पायाला बसणारी वहाण

मग आपल्यासारख्यांनी काय करावे? जीव तोडून सायकल मारायची रीत पन्नाशीच्या गुडघ्यांना आणि न तपासलेल्या हृदयाला झेपेलच असे नाही. यातून मधला मार्ग जपानच्या मात्सुमोतो गावी काढलेला आहे. तेथील शिन्शू विद्यापीठाचे प्रा. हिरोशी नोसे आणि सहकाऱ्यांनी साठीच्या आसपासच्या २४६ स्त्री-पुरुषांवर पाच महिने प्रयोग केला आणि तो २००७ साली प्रसिद्ध झाला. काहींनी काहीच केले नाही. काही जण आठवड्यातून किमान चार दिवस आठ हजार पावले सावकाश चालले. काहींनी तीन मिनिटे भरभर, तीन मिनिटे हळू, अशी किमान पाच आवर्तने केली, तीही आठवड्यातून किमान चार दिवस. या शेवटच्या गटाच्या मांड्यांची ताकद १३ ते १७ टक्के वाढली, दमसास ८ ते ९ टक्के वाढला आणि वरचा रक्तदाबही सावकाश चालणाऱ्यांपेक्षा जास्त उतरला.

यात धावणे नाही, यंत्र नाही, खर्च नाही. लागते ती फक्त वाट आणि घड्याळ. मांडीची ताकद म्हणजे काय, हे पाटात पाय घसरला की कळते. म्हातारपणी पडून खुब्याचे हाड मोडले की घरदार हवालदिल होते. म्हणून आमचा सल्ला हाच आहे, की सलग चालीने पाया घाला आणि आलटून-पालटून चालीने भिंत उभारा.

बारा आठवड्यांचा आराखडा

पहिला ते चौथा आठवडा: सलग चाल, आठवड्यातून पाच दिवस. पहिल्या आठवड्यात रोज १५ मिनिटे. दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवत चौथ्या आठवड्यात ३० मिनिटांवर या. या काळात जोर लावायचा नाही, कितीही उत्साह आला तरी नाही. लागण केल्या दिवशी कोणी मोठी बांधणी करत नाही.

पाचवा ते आठवा आठवडा: तीन दिवस सलग ३० मिनिटे. दोन दिवस पाच मिनिटे हळू चालून मग एक मिनिट भरभर, दोन मिनिटे हळू. अशी तीन आवर्तने करून सुरुवात करा आणि आठव्या आठवड्यात सहा आवर्तनांवर या. शेवटी पुन्हा पाच मिनिटे हळू.

नववा ते बारावा आठवडा: चार दिवस तीन मिनिटे भरभर, तीन मिनिटे हळू, पाच आवर्तने. आधी आणि नंतर थोडी सावकाश चाल. पाचव्या दिवशी घरच्या माणसांबरोबर मोकळी सलग चाल. जोराचे दिवस शक्यतो लागोपाठ धरू नका.

यासोबत आठवड्यातून दोन दिवस झेपतील तेवढ्या बैठका आणि भिंतीला हात टेकून जोर काढावेत. गुडघे कुरकुरत असतील तर खुर्चीवरून उठ-बस करावी, तीही चालते.

ज्यांना हेही जमत नाही त्यांनी निदान दिवसातून तीन-चार वेळा मिनिटभर तरी दम लागेल असे काही करावे. जिना भरभर चढावा, चाऱ्याचा भारा स्वतः उचलावा, धुऱ्यावरून झपाझप जावे. मुद्दाम व्यायाम न करणाऱ्या २५ हजारांहून अधिक माणसांची ब्रिटनमधील पाहणी २०२२ साली प्रसिद्ध झाली. त्यांत अशी छोटी जोराची कामे रोज करणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण बरेच कमी दिसले. जोर करू शकणारी माणसे मुळातच धडधाकट असतील, ही शंका राहते. पण फटफटी पारावर लावून शेतापर्यंत पायी जाण्यात तोटा काहीच नाही.

भगिनींना एक विशेष सांगणे. घरकाम आणि निंदणी-खुरपणी करून अंग दुखते हे खरे, पण त्या कामांत दम लागतोच असे नाही. पहाटे दोघी-तिघींनी मिळून अर्धा तास झपाझप चालावे. आणि घरातल्या पुरुषांनी तेवढा वेळ चूल सांभाळावी, ही आमची विनंती.

सुरू करण्यापूर्वी हे पाहा

चाळिशी उलटलेल्यांनी, तसेच रक्तदाब, मधुमेह, धाप किंवा घरात हृदयविकार असलेल्यांनी जोराचा टप्पा सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. साधी चाल मात्र आजपासून करायला बहुतेकांना हरकत नसते.

छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, थंड घाम, डोळ्यांपुढे अंधारी, यांपैकी काहीही झाले तर तेथेच थांबा. "पित्त असेल, सोडा पिऊन बघू," असे म्हणत घरी बसू नका. १०८ ला फोन करा. या बाबतीत भिडस्तपणा जिवावर बेततो.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर व्यायामात एकदम उतरू शकते. थरथर, घाम, भूक जाणवली तर लगेच तोंडात टाकायला साखरेची पुडी खिशात ठेवा. आपल्या घरी ती असतेच. अनवाणी चालू नका. मधुमेहात पायाची जखम लवकर कळत नाही.

उन्हाळ्यात आपल्या भागात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा चाल सूर्य वर येण्यापूर्वी उरका. हंगामात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या अंधारातही धावतात. डांबरी रस्ता टाळून शेतवाटेने चाला. रस्त्यानेच जावे लागले तर समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने, पांढरे कपडे घालून, बॅटरी घेऊन जा.

काट्यावर घातल्याशिवाय टनेज कळत नाही

पहिल्या दिवशी शेतवाटेवर एक खूण करा. तेथून सहा मिनिटे जमेल तेवढे भरभर चाला आणि पावले मोजून लिहून ठेवा. बारा आठवड्यांनी त्याच वाटेवर, त्याच खुणेपासून पुन्हा सहा मिनिटे चाला. दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा. रक्तदाब आणि साखर यांचीही अशीच नोंद ठेवा. उसाच्या नोंदीची पावती आपण वर्षभर जपून ठेवतो, ही पावती त्याहून मोलाची आहे.

कोणती रीत चांगली, याचे शेवटचे उत्तर आकड्यांत नाही. जी रीत पेरणीत, लग्नसराईत आणि हंगामाच्या धांदलीतही सुटणार नाही, ती आपली. व्यायाम सोडला की कमावलेला दमसास काही आठवड्यांतच उतरू लागतो. यंत्र वापराने झिजते, शरीर न वापरल्याने झिजते. कारखाना पावसाळ्यात बंद ठेवून दुरुस्त करता येतो. आपल्या कारखान्याला अशी सुट्टी नाही, त्याची दुरुस्ती चालता चालताच करावी लागते.

आम्ही स्वतः आता तीन-तीन मिनिटांच्या चालीवर आलो आहोत. गव्हाणीवरचा जिना अजून आहे तेथेच आहे. या हंगामात मोळी टाकायला याल तेव्हा त्याच्या पायथ्याशी भेटू आणि बोलत बोलत वर चढू.